दीड तासावर तर आहे!

प्रति,
दीड तास,
मु. पो. विमानाचं तिकीट,
नागपूर–मुंबई मार्ग.

नमस्कार लिहीत नाही. ज्याच्याविषयी मनात आदर उरलेला नाही, त्याच्या नावापुढे ‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही. थेट आरोपावर येतो.

तू खोटारडा आहेस. नागपूर आणि मुंबई या दोन शहरांमध्ये फक्त तुझ्याएवढं अंतर आहे, असं तू वर्षानुवर्षं सांगत आला आहेस. तिकिटाच्या कोपऱ्यात सांगतोस, मोबाइलच्या पडद्यावर सांगतोस, जाहिरातींच्या फलकांवरून सांगतोस. तिथवरच थांबला असतास तर तुझ्या वाटेला गेलो नसतो. पण तू मुंबईतल्या कार्यालयांमध्ये शिरलास, टेबलामागच्या माणसांच्या तोंडी बसलास आणि तिथून आमच्या लोकांना तारखा द्यायला लागलास. “नागपूर ना? दीड तासावर तर आहे. या पुढच्या मंगळवारी.” मुंबईत काम अडकलेल्या विदर्भातल्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. हे पत्र त्या वाक्यासाठी आहे.

तुझा जन्म कसा होतो ते आधी उघड करतो, कारण तुझ्यावर विसंबणाऱ्यांनी ते कधी पाहिलेलं नसतं. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. पृथ्वी म्हणजे ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरायचा. त्या गोलावरून दोन बिंदूंमधली सगळ्यांत आखूड रेषा मोजायची. नागपूरचा मध्य ते मुंबईचा मध्य धरला तर ती ७०० किलोमीटरच्या आसपास भरते. नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते मुंबईचा विमानतळ धरला तर साधारण ६८०. पहिल्याच पायरीवर पंधरा-वीस किलोमीटरचा घोळ, कारण शहर म्हणजे नेमका कुठला बिंदू हे कुणी ठरवलेलंच नाही. आता या रेषेला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं. उत्तर येतं ५१-५२ मिनिटं. चढण्या-उतरण्याचा म्हणून त्यात अर्धा तास टाकायचा, वर थोडी भर घालायची, आणि झालास तू तयार. या सगळ्या हिशेबात वारा नाही, ढग नाही, धावपट्टीवरची रांग नाही, आणि माणूस तर नाहीच.

खरं विमान त्या रेषेवर ताशी ८०० ने उडत नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. सोनेगावहून उठलेलं जेट तेहतीस-पस्तीस हजार फुटांवर पोहोचायला वीसेक मिनिटं घेतं. जमिनीवर पाहिलं तर तोवर कारंजा-वाशीमचा मुलूख आलेला असतो. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा म्हणजे दर हजार फुटांना तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. शिर्डीच्या आसपासच विमान उतरणीला लागतं. दहा हजार फुटांखाली आल्यावर वेगावर २५० नॉटची मर्यादा येते, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर. तेव्हा ज्या वेगाने तू अख्खा महाराष्ट्र आडवा कापून दाखवतोस, तो वेग विमानाला मिळतो तो फक्त मधल्या तीनशे किलोमीटरमध्ये. बाकी सगळं चढणं आणि उतरणं. हजारो किलोमीटरच्या प्रवासात हे खपून जातं. नागपूर–मुंबईसारख्या टप्प्यात निम्म्याहून जास्त वाट त्यातच जाते.

आणि मग मुंबई येते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत आणि तासाला चाळीसहून जास्त विमानांची उठबस एकाच धावपट्टीवर होते. एक विमान रेंगाळलं की मागची सगळी आकाशात गोल फिरत राहतात. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच जाहीर केलं होतं की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळून जातं. म्हणून तर गर्दीच्या वेळची उड्डाणं कमी करायला लावली. तुझ्या गणितात नागपूरहून मुंबई गाठायला ५१ मिनिटं पुरतात, आणि प्रत्यक्षात मुंबई खिडकीतून दिसायला लागल्यावर तिच्याभोवती फिरण्यात तितकीच मिनिटं जाऊ शकतात. त्या घिरट्या तुझ्या ‘अंतरा’त कुठे बसतात?

वाऱ्याचंही सांगून टाकतो. हिवाळ्यात मध्य भारतावर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात. मुंबईहून नागपूरला येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, नागपूरहून मुंबईला जाणाऱ्याला समोरून अडवतात. रेषा तीच, विमान तेच, वेळ वेगळा. आम्ही गरजेसाठी मुंबईला जायला निघतो तेव्हा वारा आमच्या विरुद्ध असतो.

विमान कंपन्यांना हे सगळं तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंतच्या वेळाला त्या ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात आणि तिकिटावर तोच छापतात. उशीर ठरू नये म्हणून त्यात चार मिनिटं सैल ठेवतात. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर तर हिशेबात ‘वेळेवर’च धरला जातो. विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम तर वाचून पाहण्यासारखा आहे. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल तर दोन तास उशीर झाल्यावरच कंपनीवर प्रवाशाला खायला-प्यायला देण्याची जबाबदारी येते. दीड तासाच्या प्रवासासाठी पावणेदोन तास ताटकळलेल्या माणसाला चहासुद्धा मागायचा हक्क नाही. उड्डाणाहून लांब उशीर होतो, आणि तू तिकिटावर जसाच्या तसा छापलेला असतोस.

आता विमानाबाहेर ये. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या घरातून निघून मंत्रालयाच्या दारात उभं राहायचं आहे असं धर. पहाटेचं विमान असेल तर साडेतीनला उठायचं. विमानतळावरचा काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो, म्हणून त्याच्याही आधी पोहोचायचं. सुरक्षा तपासणी, रांग, फाटक, बस, शिडी. मुंबईत उतरल्यावर विमान जागेवर लागेपर्यंत थांबायचं, सामान असेल तर पट्ट्याजवळ उभं राहायचं, मग दक्षिण मुंबईकडे पंचवीसेक किलोमीटर जायचं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो विमानतळाहून थेट विधान भवनापर्यंत जाते. तेवढा दिलासा खरा आणि तो मोठा आहे. त्याआधी या शेवटच्या पट्ट्यात टॅक्सीत बसून लोकांचे दोन-दोन तास गेले आहेत. तरीही दारातून दारात पाच तासांखाली सहसा येत नाही. त्यातलं तुझं काम दीड तासाचं. उरलेले साडेतीन तास कुणाच्या खात्यात लिहितोस?

आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर ‘मुंबई’ म्हणून ज्याला तिथे उतरवतील त्याला परळ, फोर्ट, अंधेरी ही सगळी ठिकाणं आणखी वेगळ्या अंतरावर असतील. तू मात्र दोन्हीकडे दीड तासच राहशील. दीड तास ते उलव्याचं रान, की दीड तास ते परळचं रुग्णालय, याचं उत्तर तू कधीच देणार नाहीस.

नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे, हे तर तू लक्षातच घेत नाहीस. सिरोंचा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी जिथे मिळतात तिथे. तिथून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. भामरागडचा माणूस तुझ्यापर्यंत पोहोचायलाच एक अख्खा दिवस घालवतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तोही दिवस त्याच्या हातात राहत नाही. त्याला मुंबईच्या कार्यालयातून पत्र जातं, ‘समक्ष हजर राहावे’. ते पत्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात तू असतोस.

आणि आमच्यातले किती जण तुझ्यात बसतात? आमचा मुंबईचा रस्ता रेल्वेचा आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली, तेव्हापासूनचा. नागपूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ८३७ किलोमीटर. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, इगतपुरी आणि मग कसाऱ्याचा घाट. तुझ्या रेषेपेक्षा दीडशे किलोमीटर जास्त, कारण रेल्वे माणसं घेत घेत जाते. दुरांतोला अकरा-साडेअकरा तास लागतात. विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस त्याहून दोन-तीन तास जास्त घेतात. तेही आरक्षण मिळालं तर. सुनावणीची तारीख आठ दिवस आधी कळते आणि गाडीचं आरक्षण त्याच्या कितीतरी आधी भरलेलं असतं. मग वेटिंगचं तिकीट, तत्काळची रांग, नाहीतर जनरलच्या डब्यात दाराशी बसून रात्र काढणं. ऐनवेळी विमानाचं तिकीट काढावं तर ते स्लीपरच्या तिकिटाच्या कितीतरी पट. म्हणजे तू अस्तित्वात आहेस तो एका छोट्या वर्गासाठी, आणि मोजमाप मात्र सगळ्यांचं तुझ्याने होतं. माझा सगळ्यांत मोठा राग इथे आहे.

माझ्या मावशीचं सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. शेताच्या बांधाचा वाद खालून वर जात जात मुंबईच्या एका कार्यालयात पोहोचला आणि सुनावणीला बोलावणं आलं. सकाळी अकराची वेळ. मावशी एसटीने वर्ध्याला आली, तिथून रात्रीच्या गाडीत बसली, सकाळी दादरच्या स्टेशनवर तोंड धुऊन, सोबत आणलेली भाकर खाऊन वेळेत हजर झाली. तीन वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि मग पुढची तारीख दिली. पुन्हा इतक्या लांबून यायचं का, असं तिने विचारलं, तर टेबलामागच्या माणसाने तुझं नाव घेतलं. “मावशी, आता काय, दीड तासावर तर आहे.” तो माणूस दुष्ट नव्हता. त्याने खरंच तसं समजून म्हटलं होतं, आणि तीच तुझी करामत. मावशी त्याला म्हणाली, “तो दीड तास कुठी भेटते ते सांग बापू, म्या बी त्यातच बसून येतो.” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्याकडे आहे?

परळच्या टाटा रुग्णालयात जा. १९४१ पासून ते उभं आहे आणि देशभरातून माणसं तिथे येतात. विदर्भातलीही येतात. नागपुरात आता कर्करोगाचं मोठं रुग्णालय आहे, एम्सही आहे, तरी काही उपचारांसाठी, दुसऱ्या मतासाठी, डॉक्टरांनीच पाठवलं म्हणून परळ गाठावंच लागतं. केमोथेरपी घेऊन उलट्या होणाऱ्या माणसाला चौदा तास गाडीत बसवून परत न्यायचं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आणायचं, हे ज्यांना करावं लागतं त्यांना अंतर म्हणजे काय ते विचार. म्हणूनच पुष्कळ जण परत जातच नाहीत. रुग्णालयाच्या बाहेर, फुटपाथवर राहतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे जागा मिळाली तर नशीब. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा घेऊन महाराष्ट्रभर पायी फिरलेल्या माणसाने धर्मशाळा बांधण्याचा ध्यास का घेतला असेल, ते तुला समजायचं नाही. लांबून आलेल्याला रात्र काढायला जागा लागते, हे त्यांना चालून कळलं होतं.

अंतर मोजणं नागपूरला नवं आहे असं समजू नकोस. आमच्या शहरात झिरो माइलचा दगड आहे, १९०७ चा. त्यावर कोरलेले आकडे पाहा. जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल. तुझ्या पद्धतीने सरळ रेषेत मोजलं तर जबलपूर दीडशे मैलांच्या आसपास भरतं आणि हैदराबाद २६५ च्या आत. दगडावर ते आकडे नाहीत. दगडावर आहे ते रस्त्याचं अंतर, बैलगाडीला आणि पायी चालणाऱ्याला खरोखर तोडावं लागणारं. परक्या सरकारच्या मोजणीदारांनीसुद्धा वाटसरूला उपयोगी पडेल तो आकडा कोरला. आज आपलंच सरकार आहे आणि आपण विमानाच्या सरळ रेषेने माणसांच्या तारखा ठरवतो.

विमानाशी माझं वैर नाही, हेही ऐकून ठेव. नागपूरने विमानाचं सोनं केलं होतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली विमानं सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि ती विमानं पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जायची. त्याच वर्षी साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानाने न्यायचं धोरण आलं. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्याने आईला पाठवलेलं साधं पत्रही मग विमानात बसू शकत होतं. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा त्या काळात सामान्य माणसाला मिळाला. विमान तेव्हाही होतं, पण त्याच्या नावाने कुणाला “तुझं गाव जवळच आहे” असं ऐकवून वाटेला लावलं जात नव्हतं.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराची आठवणही तुला करून द्यायला हवी. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर अशा नेत्यांनी त्यावर सह्या केल्या. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. ती राजधानी सोडून विदर्भाने मराठी राज्यात यायचं, आणि त्या बदल्यात सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येऊन काम करायचं, विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे घ्यायचं, असं त्यात ठरलं. सह्या करणाऱ्यांना अंतर कळत होतं. सिरोंच्याच्या माणसाला मुंबई लांब पडते तर मुंबईने उठून नागपूरला यावं, हा त्या कराराचा साधा अर्थ होता.

तू आलास आणि तो अर्थ पातळ झाला. २०२४ चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांत आटोपलं. २०२५ चं ८ ते १४ डिसेंबर. २०२० आणि २०२१ साली तर महासाथीच्या काळात ते मुंबईतच झालं. मंत्री, सचिव, अधिकारी विमानाने येतात, शनिवार-रविवारची सुटी लागली की विमानाने जातात, फायली मुंबईतच राहतात. यशवंत स्टेडियमजवळ मोर्चे येऊन बसतात, अंगणवाडी सेविका, शिक्षक, आदिवासी विद्यार्थी, धान उत्पादक. ज्यांच्याशी बोलायचं ते सोमवारी येतील असं त्यांना सांगितलं जातं. राज्यकर्त्यांना नागपूर दीड तासावर वाटायला लागलं, तेव्हापासून नागपुरात राहण्याची गरज त्यांना वाटेनाशी झाली. तू शहरं जवळ आणलीस असं तुझे चाहते म्हणतात. मुंबईच्या माणसाला नागपूर जवळ आलं, हे खरं. नागपूरच्या माणसाला मुंबई होती तिथेच आहे.

तुझा एक मोठा भाऊ आता तयार झाला आहे, ‘आठ तास’ नावाचा. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. रस्ता चांगला आहे, त्यावरून मीही जातो आणि तो झाला याचा मला आनंद आहे. पण तो सुरू होतो नागपूरबाहेर शिवमडक्याला आणि संपतो भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला. आमण्यापासून पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबईची गर्दी आहे, ती त्या आठ तासांत कुणी धरत नाही. स्वतःची मोटार नसलेल्यांचा विचार तर तुम्ही दोघेही भाऊ करत नाही.

तेव्हा निकाल ऐक. विमानाच्या वेळापत्रकात तू राहा, तिथे तुझी जागा आहे. वैमानिकाला तू हवास, इंधन भरणाऱ्याला हवास, आजारी बापाला भेटायला धावणाऱ्या मुलालाही हवास. पण कार्यालयातून, मंत्रालयातून आणि सुनावणीच्या नोटिशीतून तू निघून जा. तिथे तुझं काही काम नाही.

आणि ज्यांच्या तोंडी तू बसला आहेस त्यांना माझी उघड विनंती आहे. विदर्भातल्या माणसाला मुंबईची तारीख देण्याआधी विमानाचं नव्हे, रेल्वेचं वेळापत्रक उघडा. सेवाग्राम एक्स्प्रेस मुंबईला पोहोचते तेव्हा दुपार व्हायला आलेली असते, म्हणून त्याला दुपारनंतरची वेळ द्या आणि ती पाळा. त्याला आरक्षण मिळेल इतके दिवस आधी कळवा. तारीख पुढे ढकलायची असेल तर तो गाडीत बसण्याआधी फोन करा. नागपूर आणि अमरावती दोन्हीकडे विभागीय आयुक्तांची कार्यालयं आहेत, तिथे पडदा लावून दूरदृश्य सुनावणी घेता येते; करोनाच्या काळात न्यायालयांनी ती घेऊन दाखवली आहे. जे काम सहीने आणि कागदाने होतं त्यासाठी माणसाला समक्ष बोलावू नका. आणि डिसेंबरात नागपूरला याल तेव्हा फायली सोबत आणा आणि कामं संपेपर्यंत मुक्कामाला राहा.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला मुंबईच्या एखाद्या टेबलावरून “दीड तासावर तर आहे” असं ऐकवलं गेलं, तर वाद घालू नका. खिशातलं रेल्वेचं तिकीट काढून त्या टेबलावर ठेवा आणि पुढची तारीख त्या तिकिटावरची वेळ पाहून मागा.

एक नागपूरकर